विटा, गाद्या आणि घरचं थिएटर

टीव्हीवर सिनेमा लागलाय. हिरो आणि त्याची आई हळू आवाजात काहीतरी महत्त्वाचं बोलताहेत. बाबा म्हणतात, “आवाज वाढव रे जरा!” तुम्ही वाढवता. तेवढ्यात पडद्यावर मारामारी सुरू होते, भांडी वाजायला लागतात आणि स्वयंपाकघरातून आई ओरडते, “अरे, कमी कर तो आवाज!” मुलांनो, खरं सांगा, तुमच्या घरी असं होतं की नाही? आमच्या नांदगाव पेठेत तर घरोघरी होतं.

यावर उपाय म्हणून बरेच जण दुकानात जातात आणि ‘होम थिएटर’ नावाचं मोठ्ठं खोकं घेऊन येतात. खोक्यात पाच छोटे स्पीकर, एक मोठा धम्मधम्म करणारा डबा आणि निळे-लाल दिवे. चार दिवस गल्लीभर कौतुक होतं. पाचव्या दिवशी पुन्हा तेच: “आवाज वाढव... कमी कर!” असं का होत असेल बरं?

मागच्या हिवाळ्यात माझ्या सातवीच्या वर्गातला एक मुलगा हाच प्रश्न घेऊन आला. घरचा कापूस नुकताच विकला होता. त्या पैशातून टीव्हीसाठी मोठा सेट घ्यायचा, थोडे पैसे रोख आणि बाकीचे हप्त्याने, असं त्याच्या बाबांनी ठरवलं होतं. पण त्याच पैशातून जूनमध्ये बियाणं आणि खतंही यायची होती, आणि पोराला ते कळत होतं. शिवाय घरातली खरी अडचण होती आबाजींची. संध्याकाळी मी घरी गेलो तेव्हा आबाजींनीच मला पकडलं. “मास्तर, फटफटी उडते ते मले बराबर आयकू येते. पण तो बाबू बोलते काय, ते समजतच नाई. काहून?”

या एका ‘काहून’चं उत्तर शोधायला आम्हाला तीन रविवार लागले. ते सगळं इथं सांगतो, म्हणजे तुमचे पैसे आणि तुमचे रविवार वाचतील.

आधी टीव्हीकडे बघू. पूर्वीचा टीव्ही पेटीसारखा जाडजूड असायचा आणि त्याच्या तोंडावर ऐसपैस स्पीकर बसायचा. आताचा टीव्ही पाटीसारखा चपटा. स्पीकर बसवायला जागाच नाही! मग तो इवलासा स्पीकर खालच्या किंवा मागच्या बाजूला तोंड करून बसवतात. म्हणजे हिरो बोलतो तुमच्याकडे बघून, पण त्याचा आवाज जातो भिंतीकडे. भिंतीवर आपटून, फिरून तो तुमच्यापर्यंत येतो.

आणि आपल्या भिंती कशा? सिमेंटच्या. वर स्लॅब नाहीतर टिनाचं छप्पर, खाली फरशी. अशा गुळगुळीत, टणक गोष्टींवर आवाज रबरी चेंडूसारखा उसळतो. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर असतो. हवा तापली की तो वाढतो. आपल्या मे महिन्यातल्या ४० अंशांच्या दुपारी तो ३५५ मीटरच्या घरात जातो. म्हणजे बारा फुटांची खोली आवाज एका सेकंदात शंभराच्या आसपास वेळा ओलांडेल! प्रत्येक उडीला तो थोडा थोडा विझतो, पण विझेपर्यंत पुढचा शब्द येऊन पोचलेला असतो. शब्दावर शब्द चढतो आणि सगळा काला होतो.

याला प्रतिध्वनी म्हणता येणार नाही, बरं का. प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला मूळ आवाज आणि परत आलेला आवाज यांत साधारण एकदशांश सेकंदाचं अंतर लागतं. त्यासाठी समोरची भिंत सतरा मीटर तरी लांब हवी. विजापूरच्या गोल घुमटात ती गंमत मिळते. तिथल्या सज्जात टाळी वाजवली की ती पुन्हा पुन्हा परत येते. आपल्या बारा फुटांच्या खोलीत ती टाळी परत येते खरी, पण इतक्या लवकर की मूळ टाळीलाच चिकटून बसते. ऐकू येतो तो नुसता ‘टण्ण’ असा घुमारा.

करून बघा. रिकाम्या खोलीच्या मधोमध उभं राहून एक कडक टाळी वाजवा. मग तीच टाळी आईच्या कपड्यांच्या कपाटाचं दार उघडून, त्याच्यासमोर वाजवा. फरक कळला? आमच्या शाळेत तर हे रोज दिसतं. सकाळी रिकाम्या वर्गात मी बोललो की वर्ग घुमतो. चाळीस मुलं येऊन बसली की घुमणं बंद. कारण तुमचे कपडे आणि तुम्ही स्वतः आवाज पिऊन टाकता. (बाकी चाळीस मुलं आल्यावर माझा आवाज ऐकूच येत नाही, ती गोष्ट वेगळी.)

म्हणून आम्ही पहिल्या रविवारी एक पैसाही खर्च केला नाही. फक्त गाद्या हलवल्या!

आपण वऱ्हाडातले लोक कापूस पिकवतो, पण कापूस आवाजही गिळतो हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. आवाज म्हणजे हवेचं थरथरणं. ही थरथर कापसाच्या लाखो बारीक तंतूंत शिरली की हवा त्यांना घासत जाते आणि आवाजातली शक्ती थोड्याशा उष्णतेत बदलते. उष्णता इतकी कमी की हाताला मुळीच जाणवणार नाही, पण आवाज मात्र मंदावतो. पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली जुनी गादी या कामाला फार चांगली. टीव्हीच्या समोरच्या, म्हणजे आपल्या पाठीमागच्या भिंतीला आम्ही एक गादी उभी केली. खाली सतरंजी, तिच्यावर गोधडी. बाजूच्या भिंतीवर खुंट्यांना दोन जाड वाकळी, भिंतीपासून चार बोटं अंतर सोडून. मधे हवेची फट असली की कापड अधिक काम करतं. मग टाळी वाजवली. टण्ण गेला, ‘टप्’ राहिला. आबाजी म्हणाले, “आता जरा बरं वाटते.” अजून एकही स्पीकर आणलेला नव्हता!

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. अंड्यांचे कागदी ट्रे भिंतीला चिकटवले की स्टुडिओ होतो, असं बरेच जण सांगतात. त्यात फारसा दम नाही. ट्रे पातळ असतो, वरवरचा किणकिणाट थोडा कमी होतो, बाकी आवाज तसाच. दुसरी गोष्ट, गादी आवाज पिते पण अडवत नाही. खोलीतला घुमारा गेला म्हणजे शेजाऱ्यांना आपला सिनेमा ऐकू येणार नाही, असं समजू नका. आवाज अडवायला जाड भिंत आणि घट्ट बसणारं दार लागतं.

आता थोडं इतिहासात डोकावू. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला आणि आपला सिनेमा बोलू लागला. पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि तो मराठीत बोलला. पण तेव्हा सगळा आवाज एकाच ठिकाणाहून यायचा. नट पडद्याच्या डाव्या टोकाला असो की उजव्या, आवाज आपला मधूनच! १९३१ मध्येच लंडनमध्ये अॅलन ब्लुमलाइन नावाच्या इंजिनिअरला ही गोष्ट खटकली. बायकोबरोबर सिनेमा बघताना त्याच्या डोक्यात हा किडा शिरला, असं सांगतात. आपल्याला कान दोन आहेत, मग आवाजाच्या वाटाही दोन का नसाव्यात? त्याच वर्षी त्याने पेटंटसाठी अर्ज केला. त्यातून पुढे ज्याला आपण स्टिरिओ म्हणतो ते आलं. आपल्याकडे १९७५ मध्ये ‘शोले’ सत्तर मिलिमीटरच्या मोठ्या पडद्यावर स्टिरिओ आवाजासह झळकला, तेव्हा घोड्यांच्या टापा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाताना लोकांनी ऐकल्या.

सिनेमाच्या पाटीवर ‘डॉल्बी’ हा शब्द तुम्ही वाचला असेल. गणपतीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरांनाही आपले लोक ‘डॉल्बी’च म्हणतात! पण डॉल्बी हे एका माणसाचं आडनाव आहे. रे डॉल्बी हे अमेरिकन शास्त्रज्ञ १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे सल्लागार म्हणून चक्क भारतात राहिले होते. १९६५ मध्ये त्यांनी लंडनला आपली प्रयोगशाळा काढली. त्यांचं पहिलं गाजलेलं काम कोणतं? टेपवरची ‘स्स्स्’ अशी खरखर कमी करणं! ज्याने आवाजातला गोंगाट कमी केला, त्याचंच नाव आपण गोंगाटाला दिलं.

थिएटरमध्ये आणखी एक गंमत असते. पडद्याला अगदी बारीक भोकं असतात आणि बोलण्याचा स्पीकर पडद्याच्या मागे बरोबर मधोमध असतो. ‘५.१’ म्हणतात त्यातले पाच म्हणजे समोर डावा, मधला, उजवा आणि आपल्या आजूबाजूला किंवा मागे दोन, ‘.१’ म्हणजे फक्त खर्जाचा, धमधम करणारा डबा. संवाद बहुतेक सगळे त्या मधल्या स्पीकरमधून येतात. आबाजींचा ‘बाबू’ तिथे बोलत असतो.

मग मधला स्पीकर विकत घ्यायचा का? इथे ब्लुमलाइनसाहेब कामाला येतात. दोन सारखे स्पीकर डावीकडे-उजवीकडे ठेवले आणि दोघांतून एकच आवाज सारखा सोडला, तर कानाला वाटतं की आवाज मधूनच येतोय. तिथे तर काहीच नसतं! म्हणजे पाच लहानखुऱ्या स्पीकरांपेक्षा दोन चांगले स्पीकर घेतले, तर मधला फुकट मिळाला म्हणायचा. कमी पैशांत घरचं थिएटर करायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे. दोन चांगले घ्या, बाकीचं नंतर.

दुसऱ्या रविवारी आम्ही तिघं, मुलगा, त्याचे बाबा आणि मी, अमरावतीला गेलो. दुरुस्तीच्या दुकानात जुना पण चालू दोन वाटांचा अॅम्प्लिफायर १,८०० रुपयांना मिळाला. आवाजाचं बटण फिरवलं की खरखर यायची. ते साफ करून घेतलं त्याचे १५०. लाकडी खोक्यांचे दोन जुने स्पीकर १,४०० ला. टीव्हीतून निघणारा डिजिटल आवाज जुन्या मशीनला समजत नाही, तो समजावून सांगणारी एक छोटी डबी ६५० ची, आणि तार-पिना मिळून ३००. झाले ४,३००. हप्ता नाही, काही नाही.

दुकानात बाबांची नजर एका चकचकीत खोक्यावर खिळली होती. त्याच्यावर हजारो वॉट लिहिले होते. पोराने खोकं उलटं करून मागची पट्टी वाचली. हे मी शाळेत शिकवलं होतं. तिथे लिहिलं होतं की हे यंत्र घरच्या विजेतून ६० वॉट घेतं. आता सांगा, साठ पायल्या ज्वारी घेणारी चक्की हजार पायल्या पीठ कसं देईल? त्या मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरांत ‘पीएमपीओ’ असतं. तो कसा मोजायचा याचा सगळ्यांना मान्य असा नियमच नाही. बघायचा तो ‘आरएमएस’चा आकडा, म्हणजे यंत्र सतत देऊ शकेल ती शक्ती. आणि वॉट फार लागतही नाहीत. साधारण चांगला स्पीकर एका वॉटमध्ये एक मीटरवर ८७-८८ डेसिबल आवाज काढतो. आपलं साधं बोलणं ६० च्या आसपास असतं. कानाला आवाज दुप्पट वाटायला मात्र दहापट वॉट लागतात! म्हणून वीसचे चाळीस वॉट केले तर फरक जेमतेमच कळतो.

जुनं यंत्र घेताना मुलांनो, एक पक्कं ध्यानात ठेवा. अॅम्प्लिफायरचं झाकण तुम्ही उघडायचं नाही. पिन काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते आणि ती जोराचा झटका देते. ते काम कारागिराचं. आई-बाबांनीही मशीनच्या वर टॉवेल किंवा गोधडी टाकू नये. त्याला वारा लागतो, आणि कापूस पेटायला वेळ लागत नाही. विजांचा गडगडाट सुरू झाला की सगळ्या पिना काढून ठेवायच्या.

तुमच्या हाताने करण्यासारखा प्रयोग वेगळा आहे, आणि मला तो फार आवडतो. स्पीकरच्या मागे दोन टोकं असतात, एक लाल, एक काळं. स्पीकर मशीनपासून पूर्ण सोडवा. टॉर्चचा दीड व्होल्टचा एक सेल घ्या. सेलचं अधिक टोक लालला आणि उणे टोक काळ्याला क्षणभरच टेकवा. ‘टक्’ असा आवाज येईल आणि मोठ्या स्पीकरचा कागदी पडदा किंचित बाहेर येईल. उलटं लावलं तर आत जाईल. कारण आतल्या तारेच्या वेटोळ्यातून वीज गेली की ते चुंबक होतं, आणि मागच्या कायमच्या चुंबकाला ढकलतं किंवा ओढतं. दोन्ही स्पीकर सारखेच जोडले गेले पाहिजेत. एक उलटा जोडला, तर एक हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. खर्ज गायब होतो आणि मधोमध यायला हवा तो आवाज कुठे आहे तेच कळत नाही. आमच्या जुन्या जोडीत एका खोक्यावरची रंगाची खूण पुसली होती, ती या सेलनेच सापडली. बरेच लोक या एका तारेपायी “स्पीकर खराब निघाले” म्हणत बसतात!

मशीनच्या मागे स्पीकरसाठी ८ ओहम, ४ ओहम असे आकडे असतात. ते स्पीकरवरच्या आकड्याशी जुळवून घ्या. एकाच टोकाला आठ-आठ ओहमचे दोन स्पीकर शेजारी-शेजारी जोडले की मिळून चारच ओहम होतात, मशीनवर ओझं वाढतं आणि ते तापतं. वरातीत पेटलेली मशीनं बघितली असतील तुम्ही.

तिसरा रविवार मांडणीचा. पुस्तकांतल्या चित्रांत माणसं सोफ्यावर बसलेली असतात. आपण बसतो सतरंजीवर! खाली बसल्यावर मोठ्या माणसाचा कान जमिनीपासून अडीच फुटांच्या जवळपास येतो. स्पीकरमधला छोटा गोल, जो बारीक आवाज काढतो, तो कानाच्या उंचीवर हवा. आम्ही विटांचे दोन छोटे ओटे रचले, वर जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे, त्यांच्यावर स्पीकर. दोन स्पीकरांतलं अंतर सात फूट, आणि आबाजींची जागा दोघांपासून सात-सात फुटांवर. भूमितीतला समभुज त्रिकोण! स्पीकरांची तोंडं आबाजींकडे थोडी वळवली. कोपऱ्यात ठेवायचे नाहीत, कोपऱ्यात खर्ज फुगतो आणि बोलणं त्याच्याखाली दबतं.

धमधमचा डबा आम्ही आणलाच नाही. ५० हर्ट्झच्या खर्जाची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. बारा फुटांच्या खोलीत ती मावतही नाही. अशा लाटेला गादीही आवरत नाही.

आता आबाजींचं ‘काहून’. वय वाढलं की कानाला आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. आणि भाषेतले स, श, त, क हे वर्ण तिथेच राहतात. ‘आ’, ‘ओ’ ऐकू येतात, व्यंजनं हरवतात. नुसता आवाज वाढवला की फटफटी वाढते, ‘बाबू’ तसाच राहतो. म्हणून मशीनवरचं बासचं बटण कमी आणि ट्रेबलचं जास्त केलं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज ‘पीसीएम’वर ठेवला. तसं केलं की टीव्ही पाच वाटांचे संवाद नीट दोन वाटांत मिसळून देतो. नाहीतर त्या छोट्या डबीतून कधीकधी काहीच येत नाही. ‘नाइट मोड’ असला तर तोही लावा, मोठे आवाज दबतात आणि हळू आवाज वर येतात. आणि हो, आबाजींचे कान डॉक्टरांना दाखवायलाही सांगितलं. कधी कधी नुसता मळ असतो!

मशीन सुरू करून पहिलं काय लावावं? मी खंजिरीचं भजन लावायला सांगितलं. आमच्याच रस्त्यावर पुढे गुरुकुंज मोझरी, तुकडोजी महाराजांचा आश्रम. खंजिरी इथल्या लहान पोरालाही माहीत. तिच्या चकत्यांची किणकिण म्हणजे उंच आवाज, कातड्यावरची थाप म्हणजे जाड आवाज, आणि मधे माणसाचा गळा. तिन्ही वेगवेगळे ऐकू आले की समजा जमलं. मग सिनेमा लावला. आबाजी थोडा वेळ गप्प बसले. मग नातवाला म्हणाले, “हा तं मायशी भांडून राह्यला रे! मले वाटे लाडानं बोलते.”

आवाज किती ठेवावा? मोबाईलमध्ये आवाज मोजायचं फुकट अॅप मिळतं, अंदाजापुरतं ते ठीक आहे. जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी ७५ डेसिबल आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत चालेल म्हणते. आवाज वाढला की तास झपाट्याने कमी करायचे. आपल्या देशात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शेजारी दहावीचं पोर असेल तर घड्याळात दहा वाजायची वाट बघू नका.

मागचे दोन स्पीकर राहिले म्हणून मुलगा थोडा हिरमुसला आहे. पाऊस पाठीमागून पडल्यासारखा वाटायला ते लागतात, हे खरं. त्यासाठी पाच वाटांचं मशीन लागेल. बाबा म्हणाले, पुढचा कापूस येऊ दे, मग बघू. तोवर भिंतीची ती गादी उन्हात टाकून एकदा पिंजून आणायची आहे. दडपलेल्या कापसात हवा कमी आणि हवेशिवाय तो आवाज गिळत नाही.